राज्यघटनेचा कर्ता कोण? औंधची स्वराज्य-घटना (इ. स. १९३९) व अमेरिकेचा मूळ लेख

जुना कागद हाती आला म्हणजे संग्राहक प्रथम त्याचा मायना पाहतो. कोणी लिहिले, कोणास लिहिले व काय दिले, ह्या तीन गोष्टी उलगडल्या म्हणजे कागद सनदेचा आहे, कौलाचा आहे की महजराचा आहे, हे बहुतेक ठरते. शिक्का, मिती व मोर्तब ही मागाहून पाहावयाची. इनामपत्रांस व वतनपत्रांस ही कसोटी लावण्याची सवय आपणा सर्वांस आहे. राज्यघटनेस मात्र ती सहसा कोणी लावीत नाही. वास्तविक राज्यघटना हाही एक लेखच होय. त्यासही देणारा असतो, घेणारा असतो व दिलेली वस्तू असते. ह्या दृष्टीने दोन लेखांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिला अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचा इ. स. १७८७ चा, दुसरा औंध संस्थानचा इ. स. १९३९ चा. कुपवाडकरांस हा दुसरा लेख अगदी शेजारचा आहे. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी लागते. तेथून जवळच असलेले कुंडल हे औंध संस्थानच्या एका तालुक्याचे मुख्य गाव होते.

प्रथम अमेरिकेचा लेख. फिलाडेल्फिया शहरी २५ मे १७८७ पासून १७ सप्टेंबर १७८७ पर्यंत बंद दाराआड जी सभा भरली तिने तो सिद्ध केला. चर्मपत्राच्या चार मोठ्या पानांवर जेकब शॅलस नावाच्या कारकुनाने त्याची स्वच्छ प्रत उतरली, व तिजवर ३९ सभासदांच्या सह्या आहेत. संग्राहकांस विशेष वाटावी अशी गोष्ट शेवटच्या पानावर आहे. मजकूर संपून सह्या सुरू होतात तेथे बाजूस नकलेतील दुरुस्त्यांची नोंद करून तीखाली सभेच्या चिटणीसाने साक्ष घातली आहे. पहिल्या पानावर ७ व ८ ह्या ओळींच्या मध्ये एक शब्द वर लिहिला आहे. १५ व्या ओळीत 'तीस' हा शब्द काही अंशी खोडलेल्या जागेवर लिहिला आहे. ३२ व ३३ ह्या ओळींच्या मध्ये दोन शब्द वर लिहिले आहेत. दुसऱ्या पानावर ४३ व ४४ ह्यांच्या मध्ये एक. ज्यांनी बनावट सनदा हाताळल्या आहेत त्यांस ह्या नोंदीचे मोल सांगावयास नको.

त्यांतील 'तीस' ह्या शब्दास इतिहास आहे. किती हजार वस्तीमागे एकाहून अधिक प्रतिनिधी नसावा, ह्याचा आकडा नकलेत चाळीस हजार असा आला होता. अगदी शेवटच्या दिवशी तो तीस हजार करावा अशी सूचना निघाली. सभेचे अध्यक्ष वॉशिंग्टन हे एरवी वादात पडत नसत. ह्या दुरुस्तीच्या बाजूने मात्र ते बोलले, व ती एकमताने मान्य झाली. प्रत तयार होती, म्हणून कारकुनाने 'चाळीस' खरडून तेथे 'तीस' केले. प्रतिनिधी लोकांच्या अधिक जवळचा असावा, ह्या एका विचाराची खूण त्या चर्मपत्रावर खाडाखोडीच्या रूपाने राहिली आहे.

मितीही पाहण्याजोगी आहे. ख्रिस्ती सनाबरोबर 'स्वातंत्र्याचे बारावे वर्ष' असा दुसरा काल तीत दिला आहे. ही गणना ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यापासूनची. शिवछत्रपतींनी शके १५९६ मध्ये राज्याभिषेक करवून राज्याभिषेक शक सुरू केला, त्याची येथे आठवण झाल्याखेरीज राहत नाही. नवीन सत्ता नवीन कालगणना सुरू करते, हे दोहोंकडे सारखेच. भेद इतकाच की, आपला शक एका पुरुषाच्या अभिषेकापासून मोजला गेला, व त्यांचा एका जाहीरनाम्यापासून.

आता मुख्य प्रश्न कर्त्याचा. पाणिनीने कर्त्याचे लक्षण एकाच शब्दात केले आहे, व तो शब्द 'स्वतंत्र' हा आहे. क्रियेच्या बाबतीत जो दुसऱ्याच्या तंत्राने चालत नाही तो कर्ता. अमेरिकेच्या घटनेचा आरंभ एका लांब वाक्याने होतो. त्यात घटना प्रस्थापित करण्याच्या क्रियेचा कर्ता राजा नाही, सभा नाही, तेरा संस्थानांची सरकारेही नाहीत; संयुक्त संस्थानांचे 'लोक' हा तेथे कर्ता आहे. मसुद्यात हे असे नव्हते. तेथे प्रत्येक संस्थानाचे नाव घेऊन त्या त्या संस्थानांचे लोक असे लिहिले होते. अखेरची भाषा जुळविणाऱ्या समितीने, म्हणजे मुख्यत्वे गव्हर्नर मॉरिस ह्या गृहस्थाने ('गव्हर्नर' हे त्यांचे नावच होते, हुद्दा नव्हे), ती नावे काढून टाकली. कोणते संस्थान मान्यता देईल व कोणते देणार नाही हे त्या वेळी अनिश्चित असल्यामुळे नावे घालणे अडचणीचेही होते. पण कारण काहीही असो, त्या फेरफारामुळे कर्ता अनेकांचा एक झाला. नऊ संस्थानांतील सभांनी मान्यता दिल्यावर लेख अमलात यावयाचा होता. ते नववे संस्थान न्यू हॅम्पशायर, दि. २१ जून १७८८.

ह्यापुढील कलमांत कायदे करण्याचा अधिकार एका संस्थेस, अंमलबजावणीचा दुसरीस व न्यायाचा तिसरीस असे वाटून दिले आहेत. ही त्रिविध विभागणी पाहून आमचे काही मित्र अष्टप्रधानांकडे बोट दाखवितात. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी अष्टप्रधानांची तुलना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाशी केली होती. ती अधिक जवळची आहे. आठही प्रधानांस अधिकार मिळाला तो एकाच हातून, व त्याच हाताने तो परत घेता येत असे. अमेरिकेत तिन्ही संस्थांस अधिकार देणारे लोक आहेत. एकीचा अधिकार दुसरीने दिलेला नसल्यामुळे तिन्ही एकमेकींस अडवू शकतात.

सनदेच्या वाचकास एक वाक्प्रयोग परिचित आहे : हक्कदार व इनामदार खेरीजकरून. गाव इनाम दिला तरी पूर्वीच्या हक्कदारांचे हक्क त्या दानात येत नाहीत, असा त्याचा अर्थ. त्याच सनदेत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी दिलेल्या वस्तूंची यादी असते. यादीत जे आले नाही ते सरकारचे राहिले असे मानावयाचे. अमेरिकेच्या घटनेस १७९१ साली जी पहिली दहा कलमे जोडली त्यांतील दहावे नेमके ह्याच जातीचे आहे. मध्यवर्ती सरकारास जे दिले नाही व संस्थानांस जे मना केले नाही, ते संस्थानांकडे किंवा लोकांकडे राहिले, असे त्यात म्हटले आहे. न दिलेली वस्तू दात्याकडे राहते हा नियम दोहोंकडे एकच. दाता मात्र निराळा.

मात्र 'लोक' ह्या शब्दात कोण कोण येत होते? त्याच पहिल्या पानावर प्रतिनिधींच्या वाटणीसाठी वस्तीची मोजणी सांगताना गुलामांची तीनपंचमांश गणना धरली आहे. 'गुलाम' हा शब्द न लिहिता आडवळणाने तसे लिहिले आहे, हे लेखनिकाच्या दृष्टीनेही लक्षात घेण्याजोगे आहे. गुलामगिरी १८६५ च्या दुरुस्तीने गेली, वर्णावरून मत नाकारण्यास १८७० मध्ये मनाई झाली, स्त्रियांस मताचा हक्क १९२० मध्ये मिळाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अमेरिकेतील लोकांस अर्पण केला. अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेतील कोणती गोष्ट आपल्या कामाची, हे त्यांनी अचूक हेरले होते.

ह्यावरून आपल्याकडे लोक कधी कर्ता नव्हतेच, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर होणार नाही. महजर पाहावा. वतनाचा वाद गोतापुढे येई, साक्षी होत, निवाडा ठरे, व खाली पाटलाचा नांगर, इतर वतनदार व बलुतेदार ह्यांच्या आपापल्या धंद्याच्या निशाण्या उमटत. अक्षरशत्रू मनुष्यही त्या लेखाचा कर्ता होता, कारण त्याच्या निशाणीवाचून महजर पुरा होत नसे. परंतु महजर हा असलेला हक्क सांगतो. नवीन सत्ता स्थापीत नाही. नवीन देणे हे सनदेचेच काम. आपल्या जुन्या दफ्तरांत हे दोन प्रकार शेजारी शेजारी नांदले, एकात एक कधी मिसळले नाहीत.

औंधच्या घटनेत ते प्रथम मिसळले, असे मला वाटते.

औंधचे संस्थान लहान, ७२ गावांचे, आणि तेही सलग नव्हे. औंध, आटपाडी व कुंडल हे तालुके एकमेकांपासून तुटलेले व गुणदाळ तर विजापूरकडे. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म १८६८, मृत्यू १९५१) हे चित्रकार व सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्रास माहीत आहेत. १९३८ च्या अखेरीस त्यांनी प्रजेस पूर्ण स्वराज्य देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब, जे पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले, आणि मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे एक अभियंते, ह्या दोघांनी महात्मा गांधींशी विचारविनिमय करून मसुदा सिद्ध केला. जानेवारी १९३९ मध्ये तो अमलात आला. आटपाडीजवळची कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, हीही त्याच वर्षाची व त्याच मंडळींच्या उद्योगाची. तिजवर पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट निघाला (१९५७).

लेखाचा वरचा भाग सनदेचा आहे. देणारा राजा, घेणारी प्रजा, दिलेली वस्तू राज्याधिकार. राजाने स्वतःस प्रजेचा पहिला सेवक म्हणविले आहे खरे, पण तसे म्हणविणाराही तोच. खालचा भाग मात्र महजराच्या घराण्यातला. प्रत्येक गावाने पाच पंच निवडावयाचे. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका-समिती. तालुका-समित्यांनी विधिमंडळात सभासद पाठवावयाचे. सत्ता वरून दिली, पण चालावयाची ती खालून वर. अशा पायरीपायरीच्या निवडणुकीस कोणी लोकसत्तेची उणीव म्हणेल, तर त्याने ध्यानात घ्यावे की अमेरिकेतही वरिष्ठ सभेचे सभासद १९१३ च्या दुरुस्तीपर्यंत संस्थानांची विधिमंडळेच निवडीत असत, व अध्यक्षाची निवड आजही निर्वाचकांमार्फत होते. 'संस्थान' हा एकच शब्द आपण औंधास व न्यू हॅम्पशायरास लावतो, हा मराठीचा एक विनोदच आहे. आणखी एक योगायोग असा की, औंधकरांचे 'प्रतिनिधी' हे पद राजारामांनी जिंजीस निर्माण केले, ते राजाचा प्रतिनिधी म्हणून. त्याच घराण्याने अडीच शतकांनी लोकांच्या प्रतिनिधींस जागा करून दिली.

एका कलमाविषयी माझे मन साशंक आहे. गांधीजींच्या आग्रहावरून मतदारास लिहितावाचता आले पाहिजे अशी अट घातली गेली. मतासाठी तरी लोक अक्षरे शिकतील, हा तिचा हेतू. शिक्षकाचा जन्म काढलेल्या मजसारख्यास हा हेतू गोड वाटणारच. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांनी हीच साक्षरतेची अट कृष्णवर्णीयांस मतापासून दूर ठेवण्यास वापरली, व १९६५ चा मताधिकाराचा कायदा होईपर्यंत तो प्रकार चालला. औंधचा हेतू शुद्ध होता; परंतु नांगराची निशाणी करणाऱ्यास महजराने जे कर्तृत्व दिले होते, ते अक्षरावाचून अडू लागले, हे नाकारता येत नाही.

सनदेच्या अंगामुळे ह्या लेखाचे आयुष्यही राजाच्या सत्तेशी बांधलेले राहिले. जुन्या सनदांत प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करण्याविषयी बजावलेले असते. तरी दाता बदलला की नवे पत्र करून घेण्यास सर्वजण धावत. दि. ८ मार्च १९४८ रोजी औंध, सांगली आदी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, दाता उरला नाही, व औंधची घटना ऐतिहासिक कागद झाली. अमेरिकेच्या घटनेत २७ दुरुस्त्या झाल्या, परंतु तिचा कर्ता मेला नाही. भारताच्या घटनेचा मायना तर ह्याही पुढचा आहे. तेथे लोक हे कर्तेही आहेत व संप्रदानही, म्हणजे देणारे व घेणारे एकच. हिंदी प्रतीत मितीही मार्गशीर्ष शुक्ल सप्तमी, विक्रम संवत २००६ अशी आपल्या वळणाची आहे.

कुंडलच्या परिसरात ह्याच सुमारास लोक कर्ते होण्याचा तिसरा प्रकार घडला. क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायनिवाडे केले. त्यामागे राजाची सनद नव्हती व घटनेचा लेखही नव्हता. भूमिगत कारभार, म्हणून कागद थोडे. औंधच्या पंचायतींचे तसे नाही. १९३९ ते १९४८ ह्या नऊ वर्षांत तेथे कामकाजाची इतिवृत्ते, निवाडे, हिशेब व मतदारांच्या याद्या व्हावयाच्याच. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात पटवर्धनी दफ्तर वाचीत, म्हणून ते आज छापील आहे. पंचायतींच्या कागदांस मोडी लिपीचे किंवा प्राचीनतेचे आकर्षण नाही. त्यामुळे ते रद्दीत लवकर जातात. आटपाडी, कुंडल व औंध येथील जुन्या पंचांच्या घरी असे कागद कोणास आढळल्यास दोन गोष्टी प्रथम पाहाव्या : निवाड्याखाली सह्या कोणाकोणाच्या आहेत, व अंगठे किंवा निशाण्या किती आहेत. त्यांची नक्कल मंडळाकडे धाडावी.