आधी भोक वाचा, मग टायर घ्या

जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, बुधवारी जागतिक सायकल दिन झाला आणि आता पाऊस तोंडावर आलाय. या दिवसांत सायकलच्या दुकानांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: "पंक्चर न होणारा टायर आहे का?" विचारणारे बहुतेक जण नव्याने सायकलवर बसलेले असतात. ऑफिसला सायकलने जायचं ठरवून त्यांनी रोड बाइक घेतलेली असते, आणि पहिल्या महिन्यातच सकाळी साडेनऊला भर रस्त्यात मागचं चाक बसलेलं असतं.

शर्यतीतल्या सायकली पाहून टायर निवडू नये, हे आधीच सांगून टाकतो. ग्रँड टूरमधल्या स्पर्धकामागे टीमची गाडी धावत होती आणि तिच्या टपावर हवा भरलेली चाकं तयार होती. त्याने हात वर केला की मेकॅनिक धावत येतो. कर्वेनगरहून हिंजवडीला निघालेल्या माणसामागे कुणी नसतं. त्याच्या पाठीवर लॅपटॉप असतो आणि दहाची मीटिंग असते. त्यामुळे त्याचा टायर वेगळाच असायला हवा.

पंक्चर कधीच न होणारा हवेचा टायर नसतो. पंक्चर क्वचित होणारा टायर मात्र नक्की मिळतो. तो निवडताना बहुतेक लोक सुरुवात ब्रँडपासून करतात. माझ्या मते सुरुवात जुन्या ट्यूबवरच्या भोकापासून व्हायला हवी.

चांगला पंक्चरवाला काय करतो, ते एकदा थांबून बघा. ट्यूब बाहेर काढायच्या आधी तो व्हॉल्व्ह टायरच्या कुठल्या अक्षराशी होता ते बघून ठेवतो. मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो, व्हॉल्व्हपासून तिथवरचं अंतर टायरवर मोजतो आणि नेमक्या त्या जागी टायरच्या आतून बोट फिरवतो. तिथे बहुतेक वेळा काही ना काही सापडतं. काच, काटा, खिळ्याचं टोक किंवा केसाएवढी बारीक तार. तारेचं टोक आत जेमतेम दोन मिलिमीटर आलेलं असतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ती तार नेलकटरने ओढून काढली नाही, तर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत बसते. आपण 'दुकानदाराने खराब ट्यूब दिली' म्हणत राहतो.

भोक कुठे आहे यावरून बरंच कळतं. रस्त्याच्या बाजूला एकच भोक असेल, तर काहीतरी टोचलंय. रिमच्या बाजूला असेल, तर टायरचा काही संबंध नाही. आतली रिम टेप सरकलीय आणि स्पोकच्या भोकाची धार ट्यूबला लागतेय. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल, तर पंप लावताना ओढाताण झालीय. आणि शेजारी शेजारी दोन भोकं असतील, सापाने चावा घ्यावा तशी, तर टोचलेलं काहीच नाही. हवा कमी होती, चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चिमटली गेली.

हे चिमटीचं पंक्चर आपल्याकडे फार होतं आणि त्यावर महागडा टायर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. टायरमध्ये कितीही चिवट पट्टा असला, तरी रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चेंगरलेल्या ट्यूबला तो वाचवू शकत नाही. तिथे कामाला येते ती टायरची रुंदी आणि आतली हवा. जुन्या रोड बाइकवर २३ मिलिमीटरचा टायर असतो. त्याच फ्रेममध्ये बहुतेक वेळा २५चा बसतो, काहींत २८चाही बसतो. डिस्क ब्रेकच्या नव्या सायकलींत ३२ किंवा त्याहून रुंद टायरही जातो. चिखलासाठी मडगार्ड लावणार असाल, तर त्याची जागा आधी सोडा आणि उरलेल्या जागेत मावेल तो सर्वांत रुंद टायर घ्या. रुंद टायर म्हणजे सायकल जड जाणार, ही समजूत खडबडीत रस्त्यांवर टिकत नाही. दगडासारखा फुगवलेला अरुंद टायर प्रत्येक उंचवट्यावर उडतो आणि त्या उडण्यातही आपलीच ताकद जाते. सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये मागे ७५ ते ८० पीएसआय हवा पुरते, पुढे त्याहून पाच-सात कमी. पण ती आठवड्यातून एकदा काटा असलेल्या पंपाने तपासायलाच हवी. अंगठ्याने दाबून इथे काही कळत नाही.

आता पावसाकडे येतो, आणि एका माणसाकडे. जॉब्स्ट ब्रँट हे कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोचे मेकॅनिकल इंजिनिअर. १९३५चा जन्म, २०१५ साली निधन. पोर्शे आणि ह्युलेट-पॅकार्डमध्ये त्यांनी काम केलं. १९८१ साली त्यांचं 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक आलं आणि स्पोकचं चाक वजन कसं पेलतं याबद्दलच्या कितीतरी भोळ्या समजुती मोडीत निघाल्या. आल्प्सच्या घाटांत त्यांनी वर्षानुवर्षं सायकल चालवली. अ‍ॅव्होसेट कंपनीबरोबर त्यांनी नक्षी नसलेला गुळगुळीत टायर घडवला, तेव्हा लोकांना वाटलं की हा ओल्या रस्त्यावर घसरणार. ब्रँट यांनी हिशेब मांडला. सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असतो, आत हवेचा दाब भरपूर असतो, त्यामुळे त्याच्याखाली पाण्याचा थर साचतच नाही. मोटारीच्या टायरला पाणी बाहेर टाकायला खाचा लागतात, सायकलच्या टायरला डांबरी रस्त्यावर त्या लागत नाहीत. म्हणून दुकानात खोल नक्षीचा टायर दाखवून कुणी 'पावसाळ्यासाठी खास' म्हणालं, तर ऐकून सोडून द्या. त्या खाचांत बारीक खडी तेवढी अडकते. ओल्यात पकड मिळते ती रबराच्या जातीमुळे. ब्रँट यांचा भर काजळी मिसळलेल्या काळ्या रबरावर होता. रंगीत टायर त्यांना ओल्या रस्त्यासाठी पसंत नव्हते.

पण मला ब्रँट मोठे वाटतात ते पंक्चरबद्दल त्यांनी जे लिहून ठेवलंय त्यामुळे. पावसात पंक्चर जास्त का होतात? एक म्हणजे ओलं रबर सहज कापलं जातं. पाणी धारेला वंगणासारखं मदत करतं. घरी जुन्या ट्यूबचा तुकडा कोरड्या आणि मग ओल्या ब्लेडने कापून बघा, हाताला फरक कळेल. दुसरं, काचेची बारीक कपची ओल्या टायरला चिकटून राहते आणि पुढच्या फेऱ्यांत आत रुतत जाते. कोरड्या टायरवरून ती गळून पडली असती. आणि मागचंच चाक जास्त वेळा का बसतं? मागच्या चाकावर वजन जास्त असतं, हे एक. ब्रँट यांनी दाखवलेलं दुसरं कारण मात्र मला फार आवडतं. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा कुणालाच टोचत नाही. पुढचं चाक त्याच्या कडेवरून जातं, तो उसळतो आणि क्षणभर उभा राहतो. नेमक्या त्याच क्षणी मागचं चाक तिथे पोचतं.

हे एवढं समजलं की खरेदी सोपी होते. पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील, तर तो मागे घाला.

टोचणारी वस्तू अडवायचे रस्ते दोन. पहिला कापडाचा. टायरच्या रबराखाली चिवट धाग्यांचा पट्टा घालायचा. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५मध्ये जो धागा शोधला तो केव्हलार, किंवा त्याच्यासारखाच चिवट व्हेक्ट्रान. काँटिनेंटलच्या ग्रँड प्री फोर सीझनमध्ये व्हेक्ट्रानचे दोन थर असतात. त्याच कंपनीच्या गेटरस्किनमध्ये वेगळ्या विणीचा पट्टा आणि बाजूच्या भिंतींवरही जाळीचं चिलखत असतं. हे टायर हलके असतात, नीट पळतात आणि काचेची धार उत्तम अडवतात. पण विणलेल्या कापडाला फटी असतात. बारीक तार किंवा अणकुचीदार काटा त्या फटीतून वाट काढतो.

दुसरा रस्ता अंतराचा. टोचणारं आत आलं तरी ट्यूबपर्यंत पोचायला नको. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लसमध्ये रबराखाली आणखी पाच मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा थर आहे. दोन-तीन मिलिमीटरची तार त्यात अडकून पडते, ड्रॉइंग पिन टोचली तरी हवा जात नाही. किंमत मोजावी लागते ती वजनात. २८च्या मापात एक टायर पाऊण किलोच्या घरात जातो, गेटरस्किन त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय नवा मॅरेथॉन प्लस रिमवर चढवताना अंगठे दुखून येतात. पहिल्यांदा तरी दुकानातूनच बसवून घ्या. जोडीची किंमत साध्या देशी सायकलीच्या किमतीला भिडते, हेही आधी सांगायला हवं.

वेगाचं म्हणाल, तर फिरत्या ड्रमवर टायर चालवून घेतलेल्या चाचण्यांत ताशी २९ किलोमीटरला गेटरस्किनसारखा टायर शर्यतीच्या टायरपेक्षा एका चाकामागे सात-आठ वॅट जास्त खातो. मॅरेथॉन प्लस आणखी थोडे. ऑफिसच्या दहा-बारा किलोमीटरच्या वाटेवर हा फरक दोन-तीन मिनिटांचा आहे. एका पंक्चरला भर पावसात अर्धा तास जातो.

मग कापड की जाडी? इथे परदेशी परीक्षणं वाचून उपयोग नाही, कारण तिथले रस्ते वेगळे. इंग्लंडच्या सायकलवाल्यांना हिवाळ्यात गारगोटीच्या धारदार कपच्या छळतात. आपल्याकडे बायपासच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधून गळलेल्या पोलादी तारा पडलेल्या असतात. गणपती संपले की मांडवांचे खिळे रस्त्यावर राहतात. शहराबाहेर पडलात की बाभळीचा काटा, आणि पाऊस सरला की सराटा. अमेरिकेच्या पश्चिम भागात सायकलवाले ज्या काट्याला सर्वांत जास्त घाबरतात तो हाच, आपल्या माळरानावरचा सराटा. आयडाहोतल्या बॉइझी शहरात तर सायकलवाल्यांनी सराट्याच्याच नावाने उत्सव सुरू केला, आणि त्यानिमित्ताने लोक ही तणं उपटून पोत्यांत भरतात. तार, खिळा, काटा असं टोचणारं तुमच्या वाटेवर जास्त असेल, तर जाडीचा टायर घ्या. शहरातल्या काचांशीच गाठ असेल, तर कापडाचा पुरतो. माझी स्वतःची पसंती मागे मॅरेथॉन प्लस आणि पुढे फोर सीझन अशी आहे. पुढच्या चाकाला पकड हवी, कारण ते घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. बाभळीचा लांब, ताजा काटा सरळ घुसला, तर मात्र यातलं काहीही टिकत नाही.

सीलंट, टायरच्या आत घालायची प्लास्टिकची पट्टी, भरीव टायर हे पर्यायही दुकानात दाखवतात. भरीव टायर आपल्या खड्ड्यांत मनगटं आणि पाठ मोडतो. पट्टीची कड कालांतराने ट्यूबलाच कापते. सीलंट ट्यूबलेस चाकांत छान चालतं, पण साध्या ट्यूबमध्ये त्याच्यावर फार विसंबू नका.

मापाची एक फसगत टाळा. टायरवर '२८ इंच' लिहिलंय एवढ्यावर विकत घेऊ नका. रोड बाइकच्या रिमचं माप ६२२ आणि आपल्या जुन्या काळ्या उभ्या सायकलीच्या २८ इंची रिमचं ६३५. दोन्ही '२८'च, पण एकीचा टायर दुसरीला बसत नाही. टायरच्या बाजूला २८-६२२ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा. तोच खरा धरा. आणि रोड बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडॅप्टर सीटखालच्या पिशवीत ठेवा. एक जास्तीची ट्यूब आणि दोन लिव्हरही ठेवा. पावसात पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलून निघावं, भोक घरी बघावं.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या हातात उरत नाही: रस्त्याची कड. वाहनांच्या चाकांनी उडालेलं आणि पावसाने वाहून आलेलं सगळं कडेला साचतं आणि सायकलवाल्याला त्याच पट्ट्यातून जावं लागतं. मोटारीची बाजूची काच फुटली की तिचे बोथट खडे होतात, त्यांचं भय कमी. जीव घेते ती बाटलीची काच. पुण्याने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हापासून चर्चा सायकल ट्रॅक किती किलोमीटर झाले याचीच होते. ते ट्रॅक आणि रस्त्यांच्या कडा आठवड्यातून किती वेळा झाडल्या जातात, हे कुणी विचारत नाही. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर एका इंजिनिअरने ऑफिसला जाता-येता लोहचुंबकाने किलोंनी खिळे गोळा केले होते, तेव्हा कुठे त्या खिळ्यांची बातमी झाली. एका माणसाने चुंबक घेऊन फिरावं लागू नये, यासाठीच तर महापालिकेकडे झाडणारी यंत्रं आहेत. गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडवांच्या जागेवरून चुंबकाची पट्टी फिरवायची आणि जून ते ऑक्टोबर कडा आठवड्यातून दोनदा झाडायच्या, एवढी मागणी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात लेखी द्यायला हवी, आणि ती याच महिन्यात.