जमेला आवाज, खर्चाला मौन

गडचिरोली जिल्ह्याची पूर्व सीमा ओलांडली की छत्तीसगडचा कांकेर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील पखांजूर येथे २०२१ च्या जून महिन्यात एका शिक्षिकेच्या ध्यानात आले की, आपल्या बँक खात्यातून सुमारे ३ लाख २२ हजार रुपये गेले आहेत. ऑनलाइन फसवणूक झाली असावी, अशा समजुतीने त्यांनी पोलिसांत तक्रार नोंदविली. तपासात निघाले ते निराळेच. ८ मार्च ते १० जून या अवधीत खात्यातून २७८ व्यवहार झाले होते आणि ते त्यांच्याच १२ वर्षांच्या मुलाने केले होते. ‘फ्री फायर’ या मोबाइल खेळात अधिक प्रभावी शस्त्रे मिळविण्यासाठी ही रक्कम खर्ची पडली होती.

हिशेबाची सवय असलेल्या माणसाने या आकड्यांकडे क्षणभर थांबून पाहावे. ३ लाख २२ हजारांना २७८ ने भागले, तर एका व्यवहाराची सरासरी साडेअकराशे रुपयांच्या आसपास येते. दिवसाकाठी सुमारे तीन व्यवहार. एकदम मोठी रक्कम गेली असती, तर त्याच दिवशी घरात खळबळ उडाली असती. थेंबाथेंबाने गळती होत राहिली आणि तीन महिने कोणाला चाहूलही लागली नाही.

अशी गळती नोकरदाराच्या खात्यापेक्षा व्यापाऱ्याच्या खात्यात अधिक काळ लपून राहू शकते. पगाराच्या खात्यात महिन्याला मोजक्याच नोंदी असतात. चंद्रपूरच्या गोल बाजारातील किराणा दुकान असो, वडशातील धान-तांदळाची पेढी असो किंवा मूल, आलापल्ली, अहेरी येथील कापडाचे वा हार्डवेअरचे दुकान असो; तेथे एका दिवसात पाच-पन्नास जमा आणि तितकेच नावे व्यवहार होतात. हमाली, गाडीभाडे, घाऊक व्यापाऱ्याला दिलेला हप्ता, विजेचे बिल या सगळ्यांच्या संदेशांत आठशे-हजाराचा आणखी एक संदेश मिसळून जातो. तेंदूपत्त्याच्या किंवा धानखरेदीच्या हंगामात तर फोनचे संदेश वाचायलाही उसंत नसते. जंगलपट्ट्यातील गावांत नेटवर्क तुटक असले, तर दिवसभराचे संदेश रात्री एकदम येऊन पडतात आणि न वाचताच मागे सरकतात.

दुकानात आणखी एक गोष्ट घडते. गिऱ्हाइकाने क्यूआर कोडवर पैसे भरले की गल्ल्याजवळचा साउंडबॉक्स ती रक्कम मोठ्याने सांगतो. खात्यातून पैसे बाहेर जातात, तेव्हा मात्र तो काहीच बोलत नाही. जमेला आवाज आहे, खर्चाला नाही. दिवसभर जमेचेच आकडे कानांवर पडत राहिल्याने सारे सुरळीत चालले आहे, असा भास निर्माण होतो.

मुलाच्या बाजूनेही हा प्रकार समजून घ्यायला हवा. गल्ल्यातून शंभराची नोट उचलणे म्हणजे चोरी, हे व्यापारी घरातील पाच वर्षांच्या मुलालाही कळते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र नोट दिसतच नाही. असे खेळ फुकट मिळतात. खेळात रमल्यावर पुढचा टप्पा, नवा पोशाख, चमकदार बंदूक यांची किंमत समोर येते. ती रुपयांत नसते. कोठे ‘डायमंड’, कोठे ‘यूसी’, कोठे नाणी अशा त्या खेळाच्याच चलनात असते. रुपयांचे एकदा हिऱ्यांत रूपांतर झाले की पुढचा खर्च खेळाचाच भाग वाटू लागतो. काही खेळांत तर बंद पेटी विकत घ्यावी लागते आणि तिच्यात काय निघेल, हे नशिबावर असते. त्यात ‘ही सवलत आणखी दहाच मिनिटे’ असे उलटे धावणारे घड्याळ समोर असले, की मोठ्यांचाही संयम सुटतो. लहानांची काय कथा!

पैसे देण्याची वाट बहुतेक वेळा मोठ्यांनीच मोकळी करून ठेवलेली असते. एखादे मासिक वर्गणीचे ॲप घेताना कार्ड प्ले स्टोअरमध्ये नोंदले जाते आणि ते तेथेच राहते. दर खरेदीला पडताळणी मागण्याची सोय बंद असते. दुकानातल्या गर्दीत वडील चिरंजीवांनाच सांगतात, “त्या पार्टीला पैसे टाकून दे,” आणि पिन मुलाला पाठ होतो. आजोबांना छोटी अक्षरे दिसत नाहीत म्हणून नातू त्यांचा पिन टाकून देतो. तिजोरीची किल्ली कमरेला ठेवणाऱ्या घरांत चार-सहा आकड्यांची ही किल्ली मात्र सर्वांच्या हाती असते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत ॲपल कंपनीच्या फोनवर एकदा पासवर्ड टाकला की पुढील १५ मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे. त्या अवधीत मुलांनी केलेल्या खरेदीविषयी पालकांच्या असंख्य तक्रारी झाल्या. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केल्यावर २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर पालकांना परत करण्याचे मान्य केले. ‘फोर्टनाइट’ हा खेळ काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहकांच्या परताव्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर देण्याची तडजोड स्वीकारली. फसव्या मांडणीमुळे एखादे बटण चुकून दाबले गेले तरी खरेदी होत असे, हा तिच्यावरील एक आक्षेप होता. मोठ्या कंपन्यांच्या रचनेत दोष होता, हे यातून स्पष्ट झाले. प्रत्येक वेळी सारा ठपका मुलाच्या माथी मारणे म्हणूनच न्यायाचे नाही.

भारतीय कायदा काय सांगतो? १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. १९०३ मध्ये ‘मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने करून दिलेले गहाणखत मुळातच शून्य ठरविले आणि कर्ज देणाऱ्या सावकाराला रक्कम परत मिळू दिली नाही. व्यापारी वर्गाला हा धडा जुना आहे. खेळांच्या बाबतीत अडचण अशी की, खाते, फोन आणि पिन तिन्ही सज्ञान व्यक्तीची असतात. समोरच्या कंपनीच्या दृष्टीने खरेदी वडिलांनीच केलेली असते. बँकेकडे जावे, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन वा पासवर्ड दुसऱ्याला कळविल्यामुळे झालेले नुकसान, तो बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचेच मानले आहे.

सरकारने ‘पबजी’वर सप्टेंबर २०२० मध्ये आणि ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ निषिद्ध ठरविले. पण जिंकण्याच्या आशेविना केवळ पोशाख आणि शस्त्रे विकणारा खेळ त्या व्याख्येत सरळ बसत नाही. खेळांची नावे बदलतात, विकण्याची पद्धत तीच राहते. त्यामुळे पहिला बंदोबस्त घरातच करावा लागतो आणि तो फारसा अवघडही नाही.

दुकानाच्या चालू खात्याशी जोडलेला फोन मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. मुलांना द्यायच्या फोनमध्ये कोणतेही कार्ड वा यूपीआय नोंदवू नये. ॲन्ड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करता येते. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मधून ॲपमधील खरेदी पूर्णपणे बंद करता येते. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ची यादी महिन्यातून एकदा पाहावी आणि नको असलेल्या परवानग्या रद्द कराव्यात. घरातील मुलांना पिन ठाऊक असेल, तर तो आजच बदलावा. किरकोळ खर्चासाठी वेगळे बचत खाते ठेवून त्यात थोडीच रक्कम ठेवावी आणि व्यवहाराची दैनिक मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करावी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक आणि शिक्षकांसाठी काढलेल्या सूचनांतही खेळांच्या ॲपवर कार्ड न नोंदविण्याचा आणि खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचा सल्ला आहे.

याहून महत्त्वाची सवय व्यापारी घरांना नवी नाही. रात्री दुकान वाढविताना रोजमेळ बसविल्याशिवाय पूर्वीचे व्यापारी घरी जात नसत. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक जुळली नाही, तर चार आण्यांचा फरकही शोधला जाई. आज रोकड कमी आणि बँकेतून होणारी देवघेव अधिक असली, तरी मेळ घालणे अनेकांनी सोडून दिले आहे. रोज रात्री पाच मिनिटे बँकेच्या ॲपमधील केवळ नावे बाजू वाचली, तरी पहिली गळती दुसऱ्या दिवसापर्यंत सापडेल. २७८ पर्यंत पोहोचणार नाही.

तरीही घडलेच, तर वेळ दवडू नये. व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि रक्कम यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. गुगल प्लेवरील खरेदी असेल, तर ४८ तासांच्या आत परताव्याची मागणी करणे सोयीचे असते. ॲपलची तक्रार त्यांच्या संकेतस्थळावर करता येते. मुलाने खरेदी केली, हे अर्जात खरे तेच लिहावे. मात्र ‘स्वस्तात डायमंड देतो’ असे सांगून कोणी परक्याने मुलाकडून ओटीपी काढून घेतला असेल, तर तो गुन्हा आहे. अशा वेळी १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

सर्वांत नाजूक घडी असते ती घरात उलगडा होतो तेव्हाची. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील जोगेश्वरीच्या एका १६ वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये ‘पबजी’वर घालविल्याचे उघड झाले. आई-वडील रागावले आणि मुलगा चिठ्ठी लिहून घराबाहेर पडला. सुदैवाने पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेणी परिसरात सापडला आणि सुखरूप घरी परतला. मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका घराला मात्र असे सुदैव लाभले नाही. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये, खेळात ४० हजार रुपये गेल्यानंतर तेथील १३ वर्षांच्या मुलाने आपले जीवन संपविले. जाताना त्याने आईची क्षमा मागितली होती.

४० हजार रुपये ही व्यापारात एका हंगामात बुडणारी आणि दुसऱ्या हंगामात भरून निघणारी रक्कम आहे. उधारी बुडते, माल भिजतो, भाव पडतो. तेव्हा व्यापारी तोटा वहीत लिहितो आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतो. हाच धीर मुलाच्या बाबतीतही लागतो. रक्कम कळताच त्याला चारचौघांत उभे करू नये, नातेवाइकांना फोन करून गाजावाजा करू नये. ‘काय झाले ते सांग, आपण मिळून निस्तरू’ एवढे वाक्य पहिल्या रात्री पुरेसे आहे. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले किंवा निराशेचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा ‘टेलिमानस’ क्रमांक विनामूल्य आहेत.

हिशेब मात्र नंतर शांतपणे व्हायलाच हवा. मुलाला शेजारी बसवून खात्याचा उतारा वाचावा. कोणत्या दिवशी किती गेले, हे त्यालाच वहीत लिहू द्यावे. तेवढ्या रकमेत दुकानात किती मालाची विक्री करावी लागते आणि त्यातून नफा किती उरतो, हेही त्याला मांडून दाखवावे. हजार रुपये मिळविण्यासाठी किती गिऱ्हाइके करावी लागतात, हे ज्या मुलाला एकदा उमजले, त्याला हिऱ्यांचे खरे मोल सांगावे लागत नाही. पुढे त्याला दरमहा ठरावीक खाऊचे पैसे रोख द्यावेत आणि त्यांचा जमा-खर्च त्यानेच ठेवावा. पेढीवर बसण्याची त्याची पहिली तयारी याच वहीत होईल.