थंडीच्या रात्री आणि घरातील वृद्ध माणसे

मार्गशीर्ष उलटून पौष लागला, की नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात रोज किमान तपमानाची जी नोंद होते, तिच्याकडे साऱ्या परिसराचे लक्ष लागून राहते. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली हिवाळ्यात अनेकदा उतरतो. काही वर्षी तो ५ अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा रात्री पाणी भरत आलेले मणी तडकण्याची भीती असते. म्हणून बागाईतदार पहाटे उठून बागेत जागोजाग शेकोट्या पेटवितो. विहिरीचे पाणी पहाटेच्या हवेपेक्षा ऊबदार असते हे जाणून ते ठिबकाने वेलींना देतो. गोठ्याला गोणपाटाचे पडदे बांधतो. कोंबड्या पाळणारा शेतकरी पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंश ऊब मिळेल अशी व्यवस्था करतो.

त्याच रात्री, त्याच वस्तीवर, पत्र्याच्या पडवीत खाटेवर घरातील वृद्ध वडील किंवा आई निजलेली असते. तेथे तपमान किती आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नसते. यात माया कमी असते असे नव्हे. बागेतील थंडी मोजण्याची सवय लागलेली आहे, घरातील थंडी मोजण्याची लागलेली नाही, एवढेच त्याचे कारण आहे. परंतु या एका सवयीच्या अभावी दर हिवाळ्यात अनेक वृद्धांना टाळता येण्याजोगे दुखणे सोसावे लागते, आणि प्रसंगी ते जिवावरही बेतते. म्हणून या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

वृद्धांना थंडी का बाधते?

तरुण माणसाला थंडी लागताच त्याच्या त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व उष्णता शरीराच्या आत राखली जाते. तेवढ्याने भागले नाही, तर हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी आपण होऊन केलेले कामच होय. त्यातून उष्णता निर्माण होते. वार्धक्यात ही दोन्ही साधने दुबळी होतात. रक्तवाहिन्यांची हालचाल मंदावते. स्नायू झडल्यामुळे हुडहुडी कमी भरते व तिच्यातून उष्णताही कमी मिळते. त्वचेखालील चरबीचा थर पातळ होतो. आहार घटलेला असतो आणि चालणे-फिरणेही थांबलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की थंडी लागल्याची जाणीवच वृद्धांमध्ये बोथट होत जाते. सुनेने विचारले, “मामा, थंडी वाजते का?” तर सासरे म्हणतात, “नाही गं, मला काही वाजत नाही.” ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच ती पुरेशी जाणवत नसते. शिवाय आपल्यापायी घरच्यांना त्रास नको, ही भावनाही असतेच. तेव्हा वृद्धांच्या उत्तरावर विसंबून चालणार नाही. ज्याप्रमाणे वेल बोलत नाही म्हणून आपण बागेत तापमापक टांगतो, त्याचप्रमाणे वृद्धांच्या खोलीतही तो टांगला पाहिजे.

थंडीने रक्तदाब वाढतो व रक्त दाट होते. त्यामुळे हिवाळ्यात हृदयविकाराचे व अर्धांगवायूचे प्रमाण वाढते. दमा व छातीचे विकार उसळतात, सांधे आखडतात आणि तोल जाऊन पडण्याचे प्रसंग अधिक येतात. शरीराच्या आतील तपमान, जे एरवी ३७ अंशांच्या आसपास असते, ते ३५ अंशांच्या खाली गेले तर जिवाला धोका उत्पन्न होतो. त्यासाठी बर्फच पडावा लागतो असे नाही. अपुरे पांघरूण घेऊन गार खोलीत काढलेली एक लांबलचक रात्रही अशक्त वृद्धास त्या अवस्थेपर्यंत नेऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरे व आरोग्य यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातील तपमान किमान १८ अंश असावे असे म्हटले आहे. वृद्ध व आजारी यांच्यासाठी त्याहून थोडे अधिक लागू शकते. आपल्या खेड्यांतील साध्या घरात हा आकडा दर रात्री गाठता येईलच असे नाही. तथापि खोली त्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, आणि जी उणीव राहील ती अंथरूण-पांघरुणाने भरून काढावी.

घरातील ऊब कोठून जाते?

निजलेल्या माणसाच्या शरीरातून साठ-सत्तर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. ही उष्णता जाण्याच्या वाटा ओळखल्या म्हणजे त्या अडविणे सोपे जाते.

पहिली वाट छपराची. आभाळ आले की त्या रात्री थंडी कमी असते, हा प्रत्येक शेतकऱ्याचा अनुभव आहे. निरभ्र रात्री जमीन, पिके व छपरे आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात. ढग असले म्हणजे तिचा बराचसा भाग परत मिळतो. लोखंडी पत्रा पातळ असल्यामुळे ऊब धरून ठेवीत नाही. निरभ्र रात्री तो सभोवतीच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब टपकतात, ते याचमुळे. अशा पत्र्याखाली निजलेल्या माणसाचे शरीर त्याच्याकडे रात्रभर उष्णता फेकीत राहते. म्हणूनच चारी बाजूंनी बंद असूनही पत्र्याची खोली अंगावर येते.

दुसरी वाट भिंतींची. जुन्या घरांच्या दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या भिंती दिवसाचे ऊन साठवून ठेवतात व ती ऊब रात्री सावकाश घरात सोडतात. धाब्याच्या घराचे मातीचे माळवदही असेच काम करते. चार इंची विटांची भिंत मात्र दिवस मावळल्यावर थोड्याच वेळात गार होते. पूर्वी वृद्ध, बाळंतीण व लहान मुले माजघरात निजत, यामागे मोठे शहाणपण होते. माजघराच्या भोवती इतर खोल्या असत व एका अंगाला चूल असे. आता घरे बदलली. मुलाने नवे पक्के घर बांधले आणि आई-वडील राखणीच्या निमित्ताने जुन्या पडवीत राहिले, असे अनेक वस्त्यांवर दिसते. घरातील सर्वांत गार जागा सर्वांत अशक्त माणसाच्या वाट्यास येते, ती अशी.

तिसरी वाट फटींची. पत्रा व भिंत यांमधील मोकळी जागा, दाराखालची फट आणि पडवीची उघडी बाजू यांतून गार वारा सरळ खाटेवर येतो.

चौथी वाट खाटेखालची. सुतळीने किंवा नवारीने विणलेल्या खाटेवर उन्हाळ्यात सुख वाटते, कारण तिच्याखालून हवा खेळते. हिवाळ्यात तीच हवा पाठीची ऊब काढून नेते. घरचे लोक वरून तीन-तीन पांघरुणे घालतात. पण खाली एक सतरंजीच असते.

घरच्या घरी करावयाचे उपाय

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. थंडीचे दोन-अडीच महिने वृद्धांची खाट पडवीतून आतल्या खोलीत आणावी. स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत सर्वांत चांगली. खाट बाहेरच्या भिंतीपासून निदान एक फूट दूर ठेवावी व दाराच्या सरळ रेषेत ठेवू नये.

पत्र्याच्या खोलीतच निजणे भाग असेल, तर पत्र्याखाली सहा इंच ते एक फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे. तेही शक्य नसेल, तर जुन्या चादरी किंवा शिवलेली गोणपाटे ताणून बांधावीत. मध्ये अडकलेली हवा हीच खरी दुलई होय. छत केल्यावर उन्हाळ्यातही खोली कमी तापते, म्हणजे एका खर्चात दोन ऋतूंची सोय होते. मात्र छतासाठी कडबा, पाचट किंवा थर्माकोल वापरू नये. ही द्रव्ये चटकन पेट घेतात. छत विजेच्या तारांपासून व चुलीपासून दूर असावे.

दक्षिणेकडील व पश्चिमेकडील खिडक्या दुपारी उघड्या ठेवून ऊन आत घ्यावे आणि सूर्य कलताच त्या लावून घ्याव्यात. बाहेर गारवा पडल्यावर खिडकी लावणे म्हणजे पाणी वाहून गेल्यावर बांध घालणे होय. दाराखाली गुंडाळलेले गोणपाट ठेवावे. पत्रा व भिंत यांमधील फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवाव्यात. तथापि श्वासासाठी वरच्या बाजूस एक लहान झरोका उघडा राहिलाच पाहिजे.

अंथरुणाचा नियम असा ठेवावा, की जितके वर तितके खाली. खाटेवर प्रथम गोणपाट, त्यावर घोंगडी आणि मग गादी घालावी. कापूस अंगाच्या भाराने दबतो व त्यातील हवा निघून जाते. लोकर तितकी दबत नाही. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या लोकरीची विणलेली घोंगडी खाली घालण्यास फार उपयोगी आहे. पांघरण्यासाठी एका जाड, जड रजईपेक्षा दोन हलक्या गोधड्या बऱ्या, कारण त्यांच्या दरम्यान हवेचा थर राहतो व अशक्त माणसाला त्या स्वतः सारता येतात. गोधड्या व गाद्या दर दोन-तीन दिवसांनी उन्हात घालाव्यात. दमट कापूस ऊब धरीत नाही. निजताना डोक्याला कानटोपी व पायात सैल मोजे असावेत. त्या मोज्यांनी गुळगुळीत फरशीवर चालू मात्र नये.

रात्री लघवीसाठी अंगणात जावे लागणे हे वृद्धांच्या थंडीतील दुखण्याचे व पडण्याचे मोठे कारण आहे. अंथरुणातून एकदम गार हवेत गेल्याने रक्तदाब वाढतो. अंधारात पायही घसरतो. भांड्याची सोय खाटेजवळच करून द्यावी. आंघोळ पहाटे न करता ऊन वर आल्यावर, आडोशाला, कोमट पाण्याने करावी व अंग लगेच कोरडे करावे.

आहारात थोडे-थोडे पण वेळेवर आणि ऊन अन्न द्यावे. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, शेंगदाणे, डाळी व दूध हे आपले हिवाळ्याचे अन्न उत्तम आहे. मधुमेह असलेल्यांनी गूळ टाळावा. दात नसलेल्यांना भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नये. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटते आणि आतील उष्णता उलट वेगाने निघून जाते.

शेगडीविषयी कडक इशारा

बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे होय. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर डोळ्यांना झोंबून जागे तरी करतो. धूर न करणारे लाल निखारे झोपेतच माणसाला बेशुद्ध करतात. सारे कुटुंब सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या घटना यातूनच घडतात. शेकायचे असेल तर अंगणात किंवा दार-खिडकी उघडी ठेवून शेकावे, आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर काढावी. तिच्याऐवजी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून निजण्याआधी अर्धा तास अंथरुणात ठेवावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना स्पर्श कळत नाही, त्यांच्या अंथरुणातून ती निजतेवेळी काढून घ्यावी. अन्यथा त्यांना न कळत भाजते.

धोक्याची लक्षणे व तातडीचे उपाय

पोटावर हात ठेवून पाहावे. हातपाय गार असणे नेहमीचे आहे. पण पोट गार लागले, बोलणे जड झाले, माणूस गोंधळल्यासारखा किंवा सुस्त वाटला, तर धोका समजावा. आधी भरलेली हुडहुडी थांबली आणि माणूस सावध झाला नाही, तर ते सुधारणेचे नव्हे, बिघाडाचे लक्षण आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोवर ओले कपडे काढून कोरडे घालावेत, घोंगडीत गुंडाळावे, छाती व पोट यांना ऊब द्यावी. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय पाजावे. हातपाय जोराने चोळू नयेत, आगीजवळ नेऊ नये, दारू देऊ नये.

तापमापक खाटेजवळ टांगा

या साऱ्याची सुरुवात एका साध्या कृतीने करता येईल. बागेतील तापमापकासारखाच एक तापमापक वृद्धांच्या खोलीत, खाटेच्या उंचीवर, चूल व ऊन यांपासून दूर टांगावा. रात्री निजताना व पहाटे असा दोनदा तो पाहावा, कारण सूर्योदयाच्या सुमारासच तपमान सर्वांत कमी असते. बागेकडे जाण्यासाठी जो शेतकरी त्या वेळी उठतो, त्याला वाटेत क्षणभर खाटेपाशी थांबणे अवघड नाही. आकडा १८ च्या बराच खाली असेल, तर आणखी एक गोधडी घालावी, खालचे अंथरूण वाढवावे, फट शोधावी, किंवा दुसऱ्या दिवशी खाट हलवावी.

आज जी बाग आपण थंडीपासून जपतो, तिची जमीन कोणीतरी नांगरली, विहीर कोणीतरी खणली. ते हात आता थकले आहेत, आणि थंडी वाजत असली तरी ते तसे सांगणार नाहीत. वेलीसाठी जागणाऱ्या शेतकऱ्याने त्यांच्यासाठीही पहाटे एकदा तापमापक पाहावा.