हवेतलं कुलूप

जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी एक धमकीचा ई-मेल आला. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरी पोचले. पण मेल तिथल्या रहिवाशानं पाठवलाच नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, ते दुसऱ्याच कुणी वापरलं होतं.

पुढे माझ्या घरी वाय-फाय आलं तेव्हा सुरक्षेच्या यादीतलं पहिलंच नाव मी निवडलं: डब्ल्यूईपी. भाचा म्हणाला, “मामू, हे कुलूप नुसतं दिसायला आहे!”

त्याचं खरं होतं. वाय-फायचा मजकूर भिंतीपलीकडेही पोचतो, म्हणून तो सांकेतिक करावा लागतो. 1997 च्या डब्ल्यूईपीमध्ये किल्लीला जोडलेला 24 बिटांचा बदलता आकडा उघडाच जाई. त्यावरून मूळ किल्ली शोधता येते, हे संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं. 2003 मधली डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी होती. 2004 मध्ये डब्ल्यूपीए-2 बरोबर एईएस ही भक्कम संकेतपद्धत आली. तरी जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून चोर घरबसल्या पासवर्डचे लाखो अंदाज करून पाहू शकतो. 2018 च्या डब्ल्यूपीए-3 नं ती वाट बंद केली.

आपल्या राउटरवर कोणतं नाव आहे, आज एकदा पाहा. डब्ल्यूपीए-2 असेल, तर पासवर्ड लांबलचक ठेवा. डब्ल्यूईपी असेल, तर दार उघडंच आहे असं समजा.