सातपैकी सहा वेळा चुकणारा तांडेल

२ जून २०२० च्या रात्री टीव्हीवर एकच प्रश्न गाजत होता, मुंबईचं काय होणार? दुसऱ्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. मुंबईत पाऊस झाला, झाडं पडली आणि संध्याकाळपर्यंत लोकांनी निकालही लावून टाकला : अंदाज चुकला, मुंबई वाचली. त्याच संध्याकाळी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडे घरांवर पत्रे नव्हते, वाड्यांमधल्या सुपाऱ्या आणि माड आडवे झाले होते, वीज गेली होती, मोबाइल मुके झाले होते. अंदाज चुकलेला नाही, हे तिथून फोन करून सांगायचीही सोय नव्हती.

हवामान खात्याचे आदल्या दिवशीचे शब्द आठवून बघा. वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागच्या जवळ, ३ जूनच्या दुपारी किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर रायगडचं दक्षिण टोक, दमण गुजरातच्या उंबरठ्यावर. मधलं अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. एवढा मोठा पट्टा सांगणं म्हणजे अंग राखून बोलणं, असं पुष्कळांना वाटलं. पण आणखी दोन आकडे शेजारी मांडले की चित्र बदलतं. चोवीस तास आधी वर्तवलेली वादळाच्या केंद्राची जागा अलीकडच्या वर्षांत सरासरी ७० ते ८० किलोमीटरनं चुकते. आणि अलिबाग ते कुलाबा हे सरळ रेषेतलं अंतर आहे जेमतेम ३० किलोमीटर. म्हणजे 'मुंबई की अलिबाग' हा जो प्रश्न रात्रभर विचारला जात होता, त्याचं उत्तर त्या रात्री जगात कोणाकडेच नव्हतं. खात्यानं जे ठाऊक होतं तेच सांगितलं, आणि किती ठाऊक नाही तेही सांगितलं.

हे 'किती ठाऊक नाही' नकाशावर दिसतं ते कोनाच्या रूपात. वादळाच्या वाटेची मधली रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा. तो काढण्याची रीत प्रामाणिक आहे : मागच्या वर्षांत आपण किती चुकलो ते मोजायचं आणि तेवढी चूक पुढच्या अंदाजाला आधीच जोडायची. आपण मात्र रेघ बघतो आणि कोन विसरतो. शिवाय कोनाचा अर्थही उलटा लावतो. कोन म्हणजे वादळाचा आकार नव्हे, वादळाचं केंद्र बहुधा कुठे असेल त्याची हद्द. वारा आणि पाऊस कोनाबाहेरच्या गावालाही झोडपू शकतात.

'निसर्ग'नं दक्षिणेकडच्या तालुक्यांना अधिक का झोडपलं, हेही इथेच सांगून टाकतो. आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेला चालतं तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि चालण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. हे वादळ ईशान्येला निघालं होतं. त्याच्या उजव्या हाताला श्रीवर्धन आलं, डाव्या हाताला मुंबई.

पण चूक होतेच का? उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, तरी शंभर टक्के का सांगता येत नाही? याचं उत्तर १९६१ मध्ये अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना अपघातानं सापडलं. हवामानाचं एक छोटं गणित संगणकावर दुसऱ्यांदा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालली, मग हळूहळू अशी फाकली की एकमेकांशी ओळखही राहिली नाही. अरबी समुद्रावरच्या हवेची प्रत्येक मोजणी अशीच कुठेतरी शेपूट तुटलेली असते. मग करायचं काय? गणित एकदाच न करता अनेक वेळा करायचं, दर वेळी सुरुवातीचे आकडे किंचित हलवून. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या 'प्रत्युष' महासंगणकावर २०१८ च्या जूनपासून जगभरच्या हवेचं गणित १२ किलोमीटरच्या जाळीवर २१ वेळा मांडलं जाऊ लागलं. २१ पैकी १८ वाटा रायगडकडे वळल्या तर विश्वास वाढतो. निम्म्या गुजरातकडे आणि निम्म्या ओमानकडे गेल्या तर तज्ज्ञही गप्प बसणं पसंत करतो. अंदाज म्हणजे एक उत्तर नसून उत्तरांची गर्दी असते, आणि ती गर्दी कुठे दाटली आहे ते बघायचं असतं.

आता पाषाणहून खाली किनाऱ्यावर येऊ. महासंगणक नसतानाही इथली माणसं हेच करत आली आहेत. समजा, अलिबागजवळच्या वरसोलीला एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, आहे. वारा पडलेला, आकाश निवळ, आणि तरी किनाऱ्याला लांब, जड, संथ लाटा येऊन आदळताहेत. तो म्हणतो, आज होडी काढू नका. यात जादू नाही. दूरच्या वादळानं उठवलेल्या लाटांपैकी ज्यांची लांबी जास्त त्या जास्त वेगानं पळतात आणि वादळाच्या आधी किनाऱ्याला पोचतात. पण अडचण अशी की तशा लाटा इतर कारणांनीही येतात. मग म्हाताऱ्याचं ऐकायचं की नाही?

हिशोब मांडू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. मासेमारीचे १,००० दिवस घ्या. त्यांतले २० वादळी निघतात. वादळाआधी ही लाट दहापैकी आठ वेळा दिसते, म्हणजे १६ दिवस. उरलेल्या ९८० चांगल्या दिवसांतही ती दहातून एकदा दिसतेच, म्हणजे ९८ दिवस. एकूण ११४ दिवस लाट दिसली, त्यांत खरं वादळ १६ वेळा. टक्केवारी येते १४. साधारण सातांत एकदा म्हातारा बरोबर, सहा वेळा चूक. घरातला तरुण मुलगा हसणारच.

आधीचा अनुभव आणि हाती आलेली नवी खूण यांचा असा मेळ घालण्याच्या रीतीला बेज यांचं सूत्र म्हणतात. टॉमस बेज हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. (अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तेव्हा राघोजी आंग्र्यांचा अंमल होता आणि त्यांचे तांडेल हे सूत्र न वाचताच वापरत असणार.) सूत्राची खुबी अशी की ते दोन्ही बाजूंचा अतिरेक आवरतं. नुसती खूण बघणारा घाबरून बसतो, नुसता अनुभव मोजणारा 'शंभरात दोनच तर वादळं' म्हणून निघतो. सूत्र म्हणतं, दोन टक्क्यांचे चौदा झाले. ना शून्य, ना शंभर.

पण चौदा टक्क्यांवर होडी काढायची की नाही, हे बेज सांगत नाहीत. ते सांगायला दुसरा हिशोब लागतो आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे.

होडी न काढल्यास दिवसाची ३,००० रुपयांची कमाई बुडते असं धरू. काढली आणि वादळात सापडली तर जाळी, इंजीन, फळ्या मिळून ६०,००० चं नुकसान. म्हाताऱ्यानं सात वेळा अडवलं तर सात दिवसांचे २१,००० गेले. सातही वेळा त्याला झुगारून होडी काढली तर एकदा ६०,००० गेले. सहा वेळा चुकूनही म्हाताऱ्याचंच ऐकणं स्वस्त! नियम असा निघतो : सावधगिरीचा खर्च भागिले टळणारं नुकसान. इथे ३,००० भागिले ६०,०००, म्हणजे ५ टक्के. वादळाची शक्यता त्यापेक्षा जास्त असेल तर घरी बसा, कमी असेल तर निघा. लाट न दिसलेल्या दिवशी शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरते. त्या दिवशी घरी बसणारा शहाणा नव्हे, आळशी. अंदाजाचं मोल असं भागाकारानं तोलता येतं, ही कल्पना स्वीडनचे हवामानशास्त्रज्ञ आन्देर्श ऑंगस्ट्रोम यांनी १९२२ मध्येच मांडली होती.

याचा एक परिणाम ऐकायला विचित्र वाटतो. एकाच गावात, एकाच सकाळी, एकाच शक्यतेवर दोन शेजाऱ्यांनी उलट निर्णय घेतले तरी दोघेही बरोबर असू शकतात. वलांडीवर बोंबील वाळत टाकलेली बाई ढग बघून माल लगेच उतरवते, कारण उतरवायला तासाभराची मेहनत आणि भिजला तर सगळा माल वाया. मांडव घालून लग्नाला बसलेला माणूस ऐंशी टक्क्यांनाही जागचा हलत नाही, कारण मुहूर्त मोडण्याचा खर्चच अफाट. मुंबई ते मांडवा या जलमार्गावरही हेच दिसतं. गेटवेवरून सुटणाऱ्या लहान लाँचा पावसाळ्यात बंद होतात, आणि भाऊच्या धक्क्यावरून येणारी रो-रो बोट हवा बघून चालू राहते. समुद्र तोच, लाटा त्याच, भागाकार वेगळा. याच भाऊच्या धक्क्यावरून १७ जुलै १९४७ च्या सकाळी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. या भागाकाराच्या खाली माणसं असतात, हे रायगडच्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको.

खाली माणसाचा जीव ठेवला की गणित बिचकतं. त्याची किंमत अमर्याद धरली तर शक्यता कितीही लहान असो, होडी कधीच निघणार नाही आणि कोळीवाडा उपाशी मरेल. मग समाज रोजचा हिशोब बाजूला ठेवून सरसकट नियम करतो. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्यात माशांच्या विणीचंही कारण आहे. आणि कायद्याच्याही आधीपासून, दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही ही रीत आहेच. नारळी पौर्णिमेकडे मी तरी पिढ्यान् पिढ्यांच्या नोंदींचं सार म्हणून बघतो. बेज ज्याला 'आधीचा अनुभव' म्हणतात, तो इथे तिथी बनून बसला आहे.

मात्र हिशोब कोणी करायचा आणि भरपाई कोणी करायची, ही माणसं वेगळी असली की सगळंच बिघडतं. होडी नाखव्याची, हाकणारा तांडेल, जीव खलाशाचा. होडीचा विमा उतरवलेला असेल तर नाखव्याचा भागाकार एक, खलाशाचा दुसरा. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळाचे इशारे आधीच दिलेले असताना मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातलं पी-३०५ हे तराफ्यासारखं जहाज समुद्रातच राहिलं. त्यावरच्या २६१ जणांपैकी सत्तराहून अधिक दगावले. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले. तिथे शास्त्र कमी पडलं नव्हतं.

उलट बाजूचीही गोष्ट सांगायला हवी. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी'मुळे मुंबई आणि आसपासच्या जिल्ह्यांत शाळा बंद ठेवल्या, वादळ किनाऱ्याला येईपर्यंत विरलं. जून २०१९ मध्ये 'वायू'साठी गुजरातनं लाखो लोक हलवले, ते वाटेतच वळलं. दोन्ही वेळा लोक म्हणाले, लांडगा आला रे आला. पण वरचा हिशोब पुन्हा बघा. पाच टक्क्यांना सावध व्हायचं ठरवलं तर बहुतेक वेळा काही होणार नाही, हे त्या ठरवण्यातच आलं. एकही इशारा फुकट जात नसेल तर इशारा देणारा फार उशिरा देतो आहे, असं समजावं.

म्हणून माझी एक तक्रार आहे. जिल्ह्याच्या इशाऱ्यात पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. रंग सोपा आहे, पण तो सगळ्यांच्या वतीनं एकच भागाकार करून टाकतो. बोंबील वाळवणारी, लग्नवाला आणि नाखवा यांना एकच लाल. रंगासोबत शक्यतेचा आकडाही गावापर्यंत आला पाहिजे. लोकांना कळणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बंदरावर लिलावाला उभं राहावं. जाळ्यात काय आलं असेल याचा अंदाज घेऊन भाव बोलणाऱ्या बायकांना टक्केवारी नवी नाही.

'निसर्ग'च्या वेळी प्रशासनाचा भागाकारही अवघड होता. किनाऱ्यावरची हजारो माणसं शाळांमध्ये हलवायची, तर करोनाच्या दिवसांत गर्दी करायची. सावधगिरीचाच खर्च अचानक वाढला होता. तरी माणसं हलवली गेली, आणि तो निर्णय वादळ दमणला गेलं असतं तरी बरोबरच ठरला असता. निर्णय घेताना जे ठाऊक होतं त्यावरून तो तोलायचा असतो, नंतर जे घडलं त्यावरून नव्हे.

या सगळ्या गणितात एकाच माणसाला जागा मिळत नाही, तो म्हणजे श्रीवर्धनचा वाडीवाला. होडी ओढून वर घेता येते, बोंबील उतरवता येतात, सुपारीचं झाड चोवीस तास आधी कळूनही कुठे नेणार? त्याचा निर्णय वादळाच्या आदल्या रात्री नसतो, पडझड झाल्यानंतर असतो : पुन्हा सुपारीच लावायची की दुसरं काही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, पण रोपाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. २०२० च्या पावसाळ्यात ज्यांनी पुन्हा सुपारी लावली, त्यांच्या झाडांना पहिलं फळ आता कुठे धरायला लागलं आहे.