जर-तरचा हिशेब

खरेदी-विक्रीचे सॉफ्टवेअर म्हटले की मुंबईचा शेअर बाजार आठवतो. परंतु भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाचा व्यवहारही, धानाचे पोते आधारभूत खरेदी केंद्राच्या काट्यावर चढण्यापूर्वीच, संगणकात सुरू झालेला असतो. सातबारा, आधार आणि बँक खाते यांची ऑनलाइन नोंदणी झाल्यावरच धान मोजले जाते, आणि चुकारे किती मिळणार हे ठरवताना धान ‘अ’ दर्जाचे की साधारण, त्यातील ओलावा 17 टक्क्यांच्या आत आहे की नाही, त्या हंगामात राज्य शासनाने बोनस जाहीर केला आहे काय, अशा अनेक अटी तपासाव्या लागतात. यांतील प्रत्येक अट प्रोग्राममध्ये एक ‘जर’ होऊन बसते. अशा ‘जर’ची संख्या वाढत जाऊन कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा मजकूर, समजण्यास आणि तपासण्यास अवघड होत जातो, त्या अवस्थेला कोडची जटिलता म्हणतात.

ही जटिलता आकड्यात मांडण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत अमेरिकी संगणकतज्ज्ञ थॉमस मॅकेब यांनी 1976 मध्ये सुचवली. फंक्शन, म्हणजे एकच ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, घ्यावा, त्यात निर्णयाच्या जागा किती आहेत त्या मोजाव्यात आणि त्यांत एक मिळवावा, एवढीच ती रीत आहे. आलेला आकडा त्या तुकड्यातून जाणाऱ्या परस्परांहून स्वतंत्र वाटांचा असल्यामुळे त्याची नीट तपासणी करण्यासाठी निदान किती चाचण्या घ्याव्या लागतील, याचाही अंदाज त्यातून मिळतो. हा आकडा दहाच्या वर जाऊ नये, असे मॅकेब यांचे मत होते.

धानाच्या बोनसवर ही रीत लावून पाहिली तर तिचा अर्थ चटकन उलगडतो. 2020-21 मध्ये बोनस क्विंटलमागे 700 रुपये होता आणि त्याला 50 क्विंटलची मर्यादा होती. 2022-23 मध्ये तो उत्पादनावरून क्षेत्रावर आला आणि हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा ठरला. 2023-24 मध्ये मर्यादा तीच राहून दर हेक्टरी 20,000 रुपये झाला. हे तीन नियम जसे आले तसे एकाच फंक्शनमध्ये लिहिले, तर प्रत्येक हंगामासाठी एक ‘जर’ आणि त्याच्या पोटात मर्यादा तपासणारा दुसरा, असे सहा निर्णय होतात व मॅकेबचा आकडा सात येतो. 2024-25 मध्ये पुन्हा 20,000 रुपयेच जाहीर झाले, म्हणजे धोरणात बदल असा काही झाला नाही. तरीही जुन्याच पद्धतीने नवा हंगाम जोडला की तो आकडा नऊ होतो.

उलट हंगाम, एकक, दर आणि मर्यादा अशा चार रकान्यांचा तक्ता कोडबाहेर ठेवला, तर फंक्शनला तीनच प्रश्न विचारावे लागतात: या हंगामाची ओळ तक्त्यात आहे काय, एकक क्विंटल आहे की हेक्टर, आणि मोजमाप मर्यादेबाहेर जाते काय. आकडा चारवर येतो आणि पुढे दहा हंगाम वाढले तरी चारच राहतो, कारण नवा हंगाम म्हणजे तक्त्यात एक नवी ओळ, कोडमध्ये नवी फांदी नव्हे. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1986 मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडतो: काही जटिलता विषयाच्या अंगचीच असते, तर काही लिहिणाऱ्याच्या सोयी-गैरसोयीतून शिरते. शासनाने बोनसचे एकक बदलले ही पहिली, आणि एकाच दरासाठी दोन वेगळ्या फांद्या ठेवल्या ही दुसरी. सुधारणा शक्य असते ती दुसरीतच.

मॅकेबच्या आकड्याला एक मोठी उणीव आहे. एकाखाली एक लिहिलेले चार ‘जर’ आणि एकाच्या पोटात एक असे चार ‘जर’ त्याला सारखेच दिसतात, वाचणाऱ्याला मात्र दुसरा प्रकार फार जड जातो. म्हणून स्वित्झर्लंडच्या सोनारसोर्स या कंपनीने पुढे आणलेल्या आकलन-जटिलतेच्या मापात खोलीनुसार जास्त गुण धरले जातात. ही खोली कमी करण्याचा सोपा मार्ग म्हणजे नकार आधी उरकणे: नोंदणी नसेल तर तेथेच थांबावे, ओलावा जास्त असेल तर तेथेच थांबावे, आणि हिशेब सरळ ओळीत खाली ठेवावा. आकडा खाली आणण्यासाठी फंक्शनचे नुसते तुकडे पाडणे हा मात्र कागदी उपाय आहे, कारण गुंता त्याने सुटत नाही, केवळ चार फाइलींत वाटला जातो.

ज्या कोडचा वापर संपला तोही काढावा लागतो, आणि शेअर बाजारात या दुर्लक्षाची किंमत नाईट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीने मोजली. ‘पॉवर पेग’ नावाची सोय तिने 2003 मध्ये वापरणे थांबवले होते, पण तिचा कोड तसाच राहिला. 2012 मध्ये त्याच सोयीची जुनी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरण्यात आली आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला. 1 ऑगस्ट 2012 रोजी बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर पॉवर पेग जागे झाले. मागणी पूर्ण झाली की थांबवणारी मोजणी 2005 मध्येच कोडमध्ये दुसरीकडे हलवलेली असल्यामुळे ते थांबेना, आणि ग्राहकांच्या 212 मागण्यांपोटी सुमारे 45 मिनिटांत 40 लाखांहून अधिक सौदे होऊन कंपनीला 46 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

धान खरेदीत जुन्या हंगामाचा कोणाचा बोनस थकलेला असेल, तर त्याचा नियम हाताशी हवाच, यात वाद नाही. पण 2020-21 चा दर तक्त्याच्या एका ओळीत राहिला म्हणजे ती गरज भागते; चालू कोडमध्ये त्यासाठी ‘जर’ ठेवण्याचे कारण उरत नाही.