मैलात न मोजलेली मेहनत

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाला बहुधा मैलावर पगार मिळतो. चाक फिरले तर पैसे, थांबले तर ठणठणाट. बंद ट्रेलर ओढणाऱ्याचे यात त्यातल्या त्यात निभते. माल भरला, दार लावले, निघाला. फ्लॅटबेडवाल्याच्या उघड्या ट्रेलरवर मात्र लाकूड, पोलादाची वेटोळी, जिप्समचे तक्ते, यंत्रे असा माल असतो. तो पट्ट्या-साखळ्यांनी आवळायचा आणि भिजून चालण्यासारखा नसेल तर वर ताडपत्रीही घालायची. या कामाचे वेगळे पैसे ‘टार्प पे’ म्हणून मिळतात. रक्कम लहान असली, तरी ती कुठून आली हे शोधू लागले की जवळजवळ नव्वद वर्षे मागे जावे लागते.

1935 च्या मोटर कॅरिअर कायद्याने ट्रकवाहतूक केंद्र सरकारच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या नियंत्रणाखाली आली. भाडी, परवाने आणि चालकांच्या कामाचे तासही आयोग ठरवू लागला. 1938 मध्ये किमान वेतन आणि जादा तासांच्या दीडपट मजुरीचा कायदा झाला, तेव्हा ट्रकचालकांना या दीडपटीतून वगळण्यात आले. त्यांच्या तासांवर आयोगाची देखरेख आहेच, असा युक्तिवाद होता. ती सूट आजही कायम आहे, आणि बिनपगारी वेळेचे मूळ तिथे आहे. मालकाला चालकाचा एक तास फुकट घालवण्याची किंमत मोजावी लागत नसेल, तर तो वाचवायचा कशाला?

पुढची काही दशके ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनच्या जोरावर गेली. 1964 मध्ये युनियनचा अध्यक्ष जिमी हॉफाने देशभरच्या मालवाहतुकीसाठी एकच करार घडवून आणला. पोलाद वाहणारे स्वतःच्या गाडीचे मालक-चालक मात्र युनियनमध्ये असूनही नाराजच होते. 1967 मध्ये इंडियानातील गॅरीच्या आसपास त्यांनी संप पुकारला आणि तो ओहायो, पेनसिल्व्हेनियात पसरला. पोलाद कारखान्यांच्या फाटकावर तासन्‌तास ताटकळावे लागते आणि त्याचे कुणी काही देत नाही, हे त्यांचे मोठे गाऱ्हाणे होते. काही तास उलटल्यावर खोळंब्याचे पैसे देण्याचे मान्य झाले. थांबलेल्या चाकालाही दाम असतो, हे फ्लॅटबेडवाल्यांनी तेव्हा भांडून वदवून घेतले.

1 जुलै 1980 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणे सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. नव्या कंपन्यांची रीघ लागली, भाडी उतरली, युनियनचा दबदबा ओसरला. कोणत्या कामाचे किती द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे असा मामला झाला. ताडपत्रीचे पैसे आज कंपनीगणिक वेगळे दिसतात ते त्यामुळेच. कुणी पंचवीस-तीस डॉलर देतो, कुणी शंभरापर्यंत जातो. कुणी ताडपत्रीमागे देतो, कुणी खेपेमागे, तर कुणी ‘मैलाच्या दरातच सगळे आले’ म्हणून हात झटकतो.

काम काय आहे ते पाहावे. लाकडावर घालायची व्हायनिलची एकेक ताडपत्री चाळीस-पन्नास किलोंची. ती खांद्यावरून किंवा फोर्कलिफ्टने मालावर चढवायची. आधी मागची पसरायची, मग पुढची तिच्यावर चढती ठेवायची, म्हणजे धावताना वारा सांध्यात शिरत नाही. मग खाली उतरून रबरी पट्टे ओढून कडीला अडकवायचे. पट्टा सुटला तर आकडा थेट डोळ्यावर येतो. मालाचा माथा जमिनीपासून साडेतेरा फुटांच्या आसपास, म्हणजे बहुतेक राज्यांच्या कायदेशीर मर्यादेपर्यंत, जाऊ शकतो. पावसात व्हायनिल निसरडे होते आणि वारा सुटला तर तेच शिडासारखे फुगून माणसाला ओढते. शिवाय पहिल्या 50 मैलांच्या आत थांबून माल आणि बांधणी तपासायची. मुक्कामी पोचल्यावर सगळे सोडून, झटकून घडी घालायची ती वेगळीच.

समजा या सगळ्याला दोन तास लागले आणि हातात पन्नास डॉलर आले. मैलाला 60 सेंटच्या दराने तेच दोन तास ताशी 55 मैलांनी गाडी हाकली असती, तर 66 डॉलर झाले असते. म्हणजे अंगमेहनतीचा तास बसून चालवण्याच्या तासापेक्षा स्वस्त.

2004 पासून ही तफावत अधिक बोचू लागली. नव्या नियमाने कामाला लागल्यापासून सलग 14 तासांची चौकट आली. गाडी हाकायची ती तिच्यातच, 11 तासांपर्यंत. ताडपत्री घालणे कायद्याच्या लेखी ‘कामावर’च, त्यामुळे तो वेळ चौकटीतून वजा होतो. पूर्वी कागदी नोंदवहीत वेळ थोडा इकडचा तिकडे करता येई. डिसेंबर 2017 पासून बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचे झाले आणि तीही वाट बुजली. जो तास सरकार मिनिटागणिक मोजते, तोच पगारपत्रकात ठोक रकमेत गुंडाळला जातो.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. नगावर किंवा मैलावर पगार असेल, तरी इतर कामाच्या वेळेचे स्वतंत्र वेतन द्यावेच लागेल, असा कायदा तिथे 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्याच वर्षी तिथल्या ज्यूरीने गाडीतपासणी, सक्तीची विश्रांती अशा न मोजलेल्या वेळेबद्दल वॉलमार्टच्या चालकांना 5 कोटी 40 लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. केंद्रात मात्र 1938 ची सूट काढण्याचे विधेयक 2022 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये मांडले गेले, पण पुढे सरकले नाही.

आपल्याकडचा वाद याच वळणाचा आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात चढउतारीच्या कष्टाला दर आणि मंडळ मिळाले. तरी वाराई, म्हणजे चढउतारीची मजुरी, कुणी भरायची यावर तंटा राहिलाच आणि वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही मागणी लावून धरली. ताडपत्री-रस्सी बहुतेक वेळा ड्रायव्हर-क्लीनरच्याच गळ्यात, आणि तिचे पैसे फेरीच्या भत्त्यात धरलेले.

टार्प पे दहा-वीस डॉलरांनी वाढवणे ही तात्पुरती डागडुजी झाली. माल कोरडा पोचावा ही गरज माल पाठवणाऱ्याची आहे. तेव्हा ताडपत्रीचा आणि खोळंब्याचा तास त्याच्याच बिलात, तासाच्या दराने लागला पाहिजे. तसे झाले की आच्छादनाची शेड आणि फाटकावरची चपळाई त्यालाच परवडू लागेल.